कोण बसलंय, कोण उभं आहे

सिनेमा सुरू झाला की मी आधी खुर्च्या बघते. कोण बसलंय, कोण उभं आहे, आणि जो बसलाय तो कसा बसलाय: पाठ टेकून, की कडेला अर्धवट, उठायच्या तयारीत. गरिबी-श्रीमंतीवरच्या सिनेमात एवढं एक बघितलं तरी दिग्दर्शकाला ती माणसं किती ठाऊक आहेत याचा अंदाज येतो. संवाद अभ्यास करून लिहिता येतात, जुने कपडे मिळवता येतात, झोपडी उभी करता येते. पण परक्या घरात गेल्यावर गरीब माणूस सोफ्याच्या किती भागावर बसतो, हे ज्यानं पाहिलेलं नाही त्याच्या सिनेमात ते येत नाही.

मी हे आईमुळं बघायला शिकले. बहात्तरच्या दुष्काळात तिचे आईवडील इंदापूरकडून पुण्यात आले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत बिऱ्हाड टाकलं आणि पुढं कितीतरी वर्षं तिनं प्रभात रोड, भांडारकर रोडच्या बंगल्यांत धुण्याभांड्याची कामं केली. शाळेला सुट्टी असली की मी तिच्यासोबत जायचे. त्या घरांतली माणसं वाईट नव्हती. दिवाळीला फराळ मिळायचा, माझ्या वह्यापुस्तकांना पैसे मिळायचे, एका आजींनी पाढे म्हणायला लावून मला कंपासपेटी बक्षीस दिली होती. पण चहा आई मोरीच्या उंबऱ्याशी उकिडवी बसून प्यायची. कप वेगळा, खिडकीत पालथा घातलेला. बसू नको असं कुणी म्हणायचं नाही आणि बस असंही कुणी म्हणायचं नाही. न बोललेला हा नियम तिला पहिल्याच दिवशी कळला असणार. मलाही कळला होता, आणि मी तर तेव्हा पहिली-दुसरीत होते.

प्रभात रोडला नाव मिळालं ते प्रभात फिल्म कंपनीमुळं. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली आणि दोन वर्षांत तिनं ‘धर्मात्मा’ काढला. शांतारामबापूंचं दिग्दर्शन, बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत. सिनेमाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं, गांधीजींची आठवण होते म्हणून सेन्सॉरनं ते बदलायला लावलं. नाव बदललं तरी आतली गोष्ट तीच राहिली: महाराच्या घरची एक लहान मुलगी एकनाथांना जेवायला बोलावते आणि नाथ तिच्या घरी जाऊन जेवायला बसतात. सगळं वादळ उठतं ते या बसण्यावरून. भूतदयेचे अभंग गायले असते तर पैठणात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. दान दिलं असतं तरी चाललं असतं. पाटावर बसले, समोर पान वाढलं गेलं, तिथं अडलं.

पुढं त्याच स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. आईच्या कामाच्या घरांपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर. मोठी झाल्यावर त्या भागातून जाताना मला नेहमी वाटतं की १९३५ मध्ये इथं उभारलेल्या सेटवर जो प्रश्न सोडवून दाखवला होता, तो पन्नास वर्षांनी दोन गल्ल्या पलीकडच्या स्वयंपाकघरात तसाच होता. सिनेमाचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. उलट कुठं बोट ठेवायचं हे प्रभातच्या माणसांना बरोबर कळलं होतं. तेवढ्यानं घरं बदलत नाहीत, एवढंच.

थिएटरातही बसण्याच्या पायऱ्या होत्याच. आमच्या वस्तीला जवळचं थिएटर नीलायम. पुढं स्वस्तातली तिकिटं, मागं त्याहून महाग, वर बाल्कनी. पुढच्या रांगांत मान वर करून बघावं लागायचं, पडद्यावरचा हिरो लांबुडका दिसायचा आणि कडेला जागा मिळाली तर वाकडाही. बाल्कनीतली माणसं वेगळ्या जिन्यानं जायची. तरी एका छपराखाली सगळे एकच सिनेमा बघायचे, आणि पुढून आलेली शिट्टी बाल्कनीतल्यांना ऐकावीच लागायची. मल्टिप्लेक्स आले तेव्हा खुर्च्या सगळ्यांना सारख्याच झाल्या, पण पुढच्या रांगांतली माणसंच दिसेनाशी झाली. गरिबांवरचे चांगले सिनेमे आता ज्या हॉलमध्ये लागतात तिथं गरीब माणूस बहुधा स्वच्छतागृहाशी किंवा पार्किंगमध्ये भेटतो. हे मला खुपतं. वर्गावरचा सिनेमा मिश्र गर्दीत बघण्यात एक ताण असतो. शेजारचा कुठं हसला आणि आपण कुठं हसलो नाही, हे तिथल्या तिथं कळतं.

आईनं तरुणपणी पुढच्या रांगेत बसून ‘दीवार’ पाहिला. पुलाखाली झोपणारी मुलं, विटा वाहणारी आई, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिला अजूनही दोन जागा आठवतात. एक, बूटपॉलिश करणारा लहान विजय गिऱ्हाइकाच्या पायाशी बसलेला असतो आणि फेकलेला पैसा उचलायला नकार देतो. दुसरी, मोठा विजय ज्या गुंडांना हवा असतो त्यांच्याच गोदामात पाय पसरून निवांत बसून त्यांची वाट बघतो. सलीम-जावेदनी लिहिलेले संवाद लोकांना पाठ आहेत, पण मला वाटतं थिएटर जिंकलं ते त्या बसण्यानं. गोदीतला हमाल मालकासारखा बसलाय, हे १९७५ साली पडद्यावर बघणं पुढच्या रांगेतल्यांसाठी केवढी गोष्ट असेल.

पण ‘दीवार’मधली जी जागा मला मोठी झाल्यावर दिसली ती वेगळी आहे. विजय पैसा कमावतो आणि आईनं जिथं विटा वाहिल्या ती इमारतच तिच्यासाठी विकत घेतो. तिला ती नको असते. हिंदी सिनेमात चढण्याची गोष्ट अशीच सांगितली गेली: एकटा मुलगा वर जातो, आणि घरची माणसं एक तर खाली उभी राहून अभिमानानं बघतात नाहीतर त्याच्या पैशाला हात लावायला नकार देतात. ज्यांच्या हाडांवर तो चढला त्यांना काय हवं होतं, हा प्रश्न गोष्टीत येतो न येतो तोच अंत्ययात्रा किंवा लग्न येतं. ‘दो बीघा ज़मीन’ हा मला म्हणूनच फार मोठा सिनेमा वाटतो. १९५३ साली बिमल रॉय यांनी त्यात कुणालाही वर नेलं नाही. शंभू कलकत्त्यात रिक्षा ओढतो, मुलगा बूटपॉलिश करतो, बायकोही शहरात येते, तिघं मिळून राबतात आणि तरी जमीन जाते. जिथं शेत होतं तिथं कारखाना उभा राहतो आणि मूठभर माती उचलली तर राखणदार तीही टाकायला लावतो.

दुसरी अडचण त्याहून मोठी. ‘अछूत कन्या’, ‘सुजाता’ असे मोजके अपवाद सोडले तर हिंदी सिनेमानं कित्येक दशकं गरिबी दाखवली ती जात वगळून. नायक नुसता गरीब असायचा. पुण्यात भाड्यानं घर शोधताना मला पगार किती असं क्वचितच कुणी आधी विचारलं. आधी विचारलं ते आडनाव. आडनाव सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी फोन यायचा की घर नात्यातल्या माणसाला द्यायचं ठरलं. तेव्हा मी बँकेत कायम नोकरीला होते, भाडं देऊ शकत होते, वेळच्या वेळी दिलंही असतं. आपल्याकडच्या जिन्याला पैशाच्या पायऱ्या आहेत हे खरं, पण दाराला कडी जातीची आहे. जो सिनेमा हे लपवतो तो मला अर्धाच वाटतो, कितीही सुंदर काढलेला असला तरी.

म्हणून ‘फँड्री’ आला तेव्हा मला धाप लागल्यासारखं झालं. नागराज मंजुळे हे करमाळ्याजवळच्या जेऊरचे, आणि त्यांना बसणं-उभं राहणं आतून माहीत आहे. सिनेमातल्या शाळकरी जब्याला जीन्सची पँट हवी असते, शाळेतल्या शालूनं आपल्याकडं बघावं असं वाटत असतं. शेवटच्या भागात घरचे सगळे डुक्कर पकडायला धावतात आणि जब्या भिंतीआड, झुडपाआड लपत राहतो, कारण बाजूलाच शाळा आहे आणि शालू आहे. मग राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, त्याला बघून घरचेही थांबतात आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर निघून जातं. उभं राहणं हा इथं मान आहे, आणि तोच मान त्यांचं काम अडवतो. गाव मात्र बसलेलं आहे. बांधावर, कठड्यावर बसून तमाशा बघितल्यासारखं हसतंय. मग अखेर पकडलेलं डुक्कर बांबूला बांधून घरचे निघतात, मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं, सावित्रीबाईंचं चित्र असतं, आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेनं येतो. थिएटरात आपणही बसलेलोच असतो. बांधावरच्या माणसांसारखे, तिकीट काढून.

तो सिनेमा मी कोथरूडला पाहिला. मध्यंतरापर्यंत जब्याच्या फजितीवर बरेच जण हसत होते. दगड आला तेव्हा कुणाला पटकन उठता येईना. माझ्या पलीकडच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी बायकोला हळूच विचारलं, “संपला?” त्या काही बोलल्या नाहीत.

‘सैराट’बद्दल सगळं बोलून झालंय असं लोकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात गावोगावी थिएटरं भरली, लोक ‘झिंगाट’वर खुर्च्या सोडून नाचले, पैसे उधळले. पण त्या सिनेमाचा उत्तरार्ध हा मराठीतला वर्गावरचा सगळ्यात नेमका धडा आहे, आणि तो नाचाच्या आवाजात थोडा दबला. पूर्वार्धात आर्चीला बसायला काय काय आहे ते आठवा: बुलेट, ट्रॅक्टर, पाटलाच्या वाड्यातली जागा. मासेमारी करणाऱ्याच्या पोरावर तिनं जीव टाकला तो त्या उंचीवरून, आणि म्हणूनच तिला भीती माहीत नाही. हैदराबादच्या वस्तीत आल्यावर ती उंची जाते. घाण वास, संडासाची अडचण, पत्र्याची खोली. पर्श्याला हे नवं नाही, तिला नवं आहे. आपल्याकडं प्रेमकथेत मुलगी गरिबाच्या घरी येते आणि दुसऱ्या दिवशी हसत भाकऱ्या थापते. इथं ती चिडते, रडते, घरच्या आठवणीनं झुरते, परत जायला निघते. मग बाटल्यांच्या कारखान्यात काम करते, तेलुगू शिकते, हळूहळू उभी राहते. खाली येणंही शिकावं लागतं आणि त्यालाही वेळ लागतो, हे इतक्या सविस्तर मी दुसऱ्या कुठल्या लोकप्रिय सिनेमात पाहिलेलं नाही. आणि शेवटी भाऊ माणसं घेऊन येतो. आर्ची त्यांना आत घेते, बसवते, चहा करून देते. पाहुण्यांसारखे ते बसतात. नवराबायकोनं पै-पै जोडून उभं केलेलं ते घर, त्यात पहिल्यांदा माहेरचं माणूस बसलंय, याचा तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला पुढच्या रक्तापेक्षा जास्त छळतो.

आता एका परदेशी सिनेमाबद्दल, कारण तो पुण्यात माझ्यासाठी वेगळाच लागला. कोरियन दिग्दर्शक बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ जानेवारी २०२० च्या अखेरीस आपल्याकडच्या थिएटरांत आला. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, आंबिल ओढ्याला पूर आला होता. कात्रजच्या बाजूनं पाणी सुटलं आणि अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असं घुसत मुठेपर्यंत गेलं. शहर आणि जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक माणसं गेली. टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं दबली. माझी मावशी ओढ्याच्या काठी राहते. त्या रात्री ती शेजारच्यांच्या माळ्यावर चढून बसली, खाली तिची पिठाची पिंपं तरंगत होती. चार दिवस आम्ही चिखल उपसला. रेशनकार्ड, मुलांचे दाखले, लाइटबिलं दोरीवर कपड्यांसारखी वाळत घातली.

अशा डोक्यानं मी ‘पॅरासाइट’ बघायला बसले. त्यात पावसाची एक रात्र आहे. श्रीमंत पार्क कुटुंब सोफ्यावर, गरीब किम कुटुंबातली माणसं त्याच सोफ्याजवळच्या टेबलाखाली पालथी पडून, श्वास रोखून. वर बसलेला मालक ड्रायव्हरच्या अंगाला येणाऱ्या वासाबद्दल बोलतो आणि टेबलाखाली तो ड्रायव्हर, त्याच्या मुलांच्या देखत, ते ऐकतो. मग ते तिथून निसटतात आणि खाली, आणखी खाली, जिन्यांमागून जिने उतरत घरी येतात तर तळघरात पाणी भरलेलं. संडासातून मैला उसळतोय आणि मुलगी त्या उसळणाऱ्या भांड्याचं झाकण दाबून वर बसते, सिगारेट पेटवते. त्या घरात त्या क्षणी बसायला तेवढीच जागा कोरडी आहे. मला तिथं मावशी दिसली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई गाडीत मागं बसून फोनवर सांगत असते की पाऊस फार छान झाला, हवा स्वच्छ झाली. ड्रायव्हर गाडी चालवतोय. तो रात्री मदतछावणीत जमिनीवर झोपलेला आहे.

हे सिनेमातल्या क्रूर माणसाचं वाक्य नाही, आणि बोंग यांची खरी ताकद यातच आहे. ती बाई चांगली आहे. तिला खरोखरच पाऊस आवडला. आंबिल ओढ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या ऑफिसातही हवेतल्या गारव्याचं कौतुक झालं होतं. ओढ्यानं मध्यमवर्गीय सोसायट्यांच्या भिंतीही पाडल्या, गाड्याही वाहून नेल्या, म्हणून नंतर सगळ्यांना पुराचं गांभीर्य कळलं. नुसत्या वस्तीतच पाणी शिरलं असतं तर किती दिवस बातमी राहिली असती, सांगता येत नाही.

एका बाबतीत मात्र पुणं त्या सिनेमासारखं नाही. सिनेमातल्या सोल शहरात श्रीमंत वर आणि गरीब खाली. आपल्याकडं पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे, आणि तिथली माणसं दिवसभर सपाटीवर कामं करून रात्री घरी जाताना चढ चढतात. गरिबाला ओढ्याच्या पात्रातही जागा मिळते आणि टेकडीच्या अंगावरही, कारण दोन्हीकडं बिल्डरला बांधता येत नव्हतं. इथला दिग्दर्शक हा सिनेमा करायला बसला तर जिना वर-खाली दाखवून भागायचं नाही. त्याला नळाच्या पाण्याची वेळ दाखवावी लागेल.

आणि ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमात न्यायालयात सगळ्यांना ठरलेली जागा आहे. पण कोर्ट सुटल्यावर कॅमेरा वकिलांच्या मागोमाग घरी जातो. सरकारी वकील नूतन लोकलनं जाते, स्वयंपाकाला लागते. बचावाचा वकील विनय गाडीत संगीत लावतो, सुपरमार्केटमधून चीज आणि वाईन घेतो. दोघं एकाच न्यायाधीशापुढं उभे राहतात, तरी त्यांच्यात केवढं अंतर. ज्या माणसाच्या मृत्यूवरून खटला उभा आहे त्या गटारात उतरणाऱ्या कामगाराची बायको विनयच्या गाडीत बसते. तो तिला पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही, काम असलं तर सांगा म्हणते. एवढाच प्रसंग. दयाळू माणसाला आपण काय देऊ शकतो आणि समोरच्याला काय हवंय, यातली फट इतकी स्वच्छ दाखवणारं दुसरं दृश्य मला आठवत नाही.

त्या दोन वकिलांचं काम करणारे दोघं, गीतांजली कुलकर्णी आणि विवेक गोम्बर, पुढं रोहेना गेरा यांच्या ‘सर’मध्ये पुन्हा दिसतात. विवेक गोम्बर इथं मुंबईच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटचा मालक. गीतांजली कुलकर्णी शेजारच्या घरात कामाला असलेली लक्ष्मी. ‘कोर्ट’मध्ये कायद्याची कलमं धडाधड वाचणारी बाई इथं चालते, टेकते, उभी राहते ते सगळं वेगळं आहे. अभिनेत्रीनं पाठीचा कणा बदलून घेतलाय असं वाटतं. नटांच्या कामाबद्दल लिहिताना लोक डोळ्यांबद्दल लिहितात. या दोन भूमिका शेजारी ठेवून त्यांच्या खांद्यांकडं बघावं.

‘सर’ मी आईबरोबर घरी पाहिला. तिलोत्तमा शोम यांची रत्ना ही महाराष्ट्रातल्या खेड्यातून आलेली तरुण विधवा. बहिणीच्या शिक्षणाला पैसे पाठवते, शिवणकाम शिकते, फॅशन डिझायनर व्हायचं म्हणते. मालकासाठी टेबलावर ताट वाढते आणि स्वतः स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवते. आई पहिला अर्धा तास फरशीकडंच बघत होती. “केवढं घर आहे. एकटीनं पुसायला दीड तास तरी लागत असंल,” म्हणाली. रत्ना जरा उंची कपड्यांच्या दुकानात शिरते आणि तिला हुसकून बाहेर काढतात, तेव्हा आई काही बोलली नाही, पाय सोफ्यावरून खाली घेतले. प्रेमाचा भाग आला तेव्हा मला वाटलं तिला आवडणार नाही. तिला मालक आवडला. “पोरगा चांगलाय गं. पण तिच्या बहिणीचं काय? हिनं हे केलं तर गावात बहिणीला कोण सुखानं राहू देईल?” चित्रपटाचं परीक्षण लिहिणाऱ्या कितीतरी जाणकारांना पडला नसेल तो प्रश्न तिला पहिल्याच फटक्यात पडला. वर चढणाऱ्या बाईच्या मागं तिचं अख्खं घर दोरीनं बांधलेलं असतं, आणि ती हलली की ते सगळे ओढले जातात. सिनेमा हे विसरत नाही, हे त्याचं मोठेपण. शेवटी रत्ना फोनवर त्याला सर न म्हणता नावानं हाक मारते. आईनं विचारलं, “मग पुढं?” मी म्हटलं, संपला. ती म्हणाली, “असा कसा संपंल? खरं तर आता चालू झालाय.”

माझ्या घरात आई येऊन राहते तेव्हा सोफ्यावर बसते, पण कामाच्या ताई आल्या की उठून आत जाते. त्यांचा चहा मी टेबलावर ठेवते, त्या खुर्चीवर बसतात, आणि आई त्यांच्याशेजारची खुर्ची न ओढता ओट्याला टेकून उभी राहून गप्पा मारते. मी पुष्कळदा सांगून पाहिलं. तिची ती पाठ तशीच घडली आहे. आणि त्या दोघींच्या गप्पांत मला फारशी जागा नसते, हेही खरं. खाडे, पगारवाढ, कुठल्या सोसायटीत लिफ्ट वापरू देत नाहीत, कोण दिवाळीला हात आखडतं. मी त्या भाषेतून बाहेर आले आणि ती भाषा माझ्यामागं दार लावून तिथंच राहिली. याला मी तोटा म्हणते. आईच्या कष्टानं मला मिळालेल्या सगळ्या गोष्टींच्या शेजारी तो ठेवते, आणि तो लहान दिसत नाही.

चढण्याची गोष्ट एकट्याची असते हे मला कधी पटलंच नाही, ते या शहरामुळंही असेल. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. जोशीबुवांच्या भूलथापांना बळी पडून लुबाडलं गेलेलं एक शेतकरी जोडपं शेवटी शिकायचं ठरवतं. एकटा नवरा ठरवत नाही, दोघं ठरवतात. आधुनिक मराठी नाटकाच्या अगदी उगमाशी असलेल्या या नाटकात जिना दोघांनी मिळून चढायचा आहे. १९५५ पासून पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं खेड्यांतल्या गरीब मुलांना राहायला-जेवायला जागा देत आली आहेत, तिथली काही कामं मुलं स्वतःच करतात. आज सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागात कॉट बेसिसवर राहणारी, अभ्यासिकेत दिवस काढणारी एमपीएससीची मुलं बघा. एकाची मेस बंद पडली तर तिघं मिळून डबा वाटून खातात. निकालाच्या दिवशी एकाचं नाव येतं आणि गावातल्या फ्लेक्सवर एकट्याचाच फोटो लागतो. तो डबा फोटोत नसतो.

आणि मोलकरणींचा संप. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी काम बंद केलं आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आई तेव्हा बावीस वर्षांची, मी कडेवर. कुणी पुढारी येऊन त्यांना जागं केलं अशी गोष्ट आई सांगत नाही. एकीचा आजारपणाचा खाडा कापला, ती चिडली, दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला, आणि बघता बघता गल्लीच्या गल्ली थांबली, असं ती सांगते. मला हा सिनेमा बघायचा आहे. कुणीतरी, शक्यतो लॉ कॉलेज रस्त्यावरच्या त्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्येच शिकणाऱ्या एखाद्या मुलीनं, तो करावा. ज्या गल्ल्यांत प्रभातचा स्टुडिओ होता त्याच गल्ल्यांत त्याचं चित्रीकरण होईल. नायिका एक नसेल. कुणी श्रीमंत होणार नाही, कुणाचं श्रीमंताशी लग्न होणार नाही, कुणी इमारत विकत घेणार नाही. महिन्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस, आजारपणाचा पगार, एवढ्यासाठी बायका एकमेकींना धरून राहतील, आणि दोन तास प्रेक्षक श्वास रोखून बघेल की उद्या सकाळी एखादी फुटून कामावर जाते की काय.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, “करतील तर सांग त्यांना, सभेत आम्ही रडत न्हवतो. सिनेमात बायका जमल्या की रडवतात. आम्ही हसत होतो सारख्या. आणि पोरं लई होती बरोबर, त्यांना बिस्किटं कुणी आणली ते आठवत न्हाई, पण बिस्किटं होती. ते दाखवायला सांग.”